म्हशीनं खाल्लेलं कापड

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते माझ्या मामींचे. माजलगावला त्यांच्या घरी राहून मी शाळा शिकलो आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो.

पुढे बीडला सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी जवसाचं काड निवडलं. दाणे काढल्यावर आपण जे काड जाळतो, त्यात कापडाचा धागा असतो. तो काडाला डिंकासारख्या चिकट्यानं जोडलेला असतो. काड पाण्यात भिजत घातलं की जंतू हा चिकटा खातात आणि धागा सुटतो. खाताना ते जो वास सोडतात, त्यानं माझे रूममालक दारात आले. "हा टब जाईल, नाहीतर तू!"

टब रिकामा करून, काड नव्यानं घेऊन मी मामींचा गोठा गाठला. काड मुरलं, धागा सुटायला आला. तोंडी परीक्षेला दोनच दिवस उरले होते. सकाळी बघतो तर टब रिकामा, आणि म्हैस डोळे मिटून रवंथ करतेय.

"जवसाचा वास आला," मामा म्हणाले. "मला वाटलं म्हशीसाठी आंबोण भिजवलंय. लई चवीनं खाल्लं बघ!"

"मामा, त्याचं कापड होणार होतं!"

"मग आता म्हशीच्या पोटात होईल."

मी टबाचा तळ चाचपून बघितला. धागा दाखवल्याशिवाय परीक्षक पास करणार नव्हते.

मामी म्हणाल्या, "कावून रडतोस? काड हाय की अजून. भिजव."

"जंतूंना वेळ लागतो, मामी." मग आठवलं. कॉलेजच्या सरांनी तुलनेसाठी एन्झाइमची एक बाटली दिली होती, ती पिशवीतच होती. जंतू ज्या रसानं चिकटा पचवतात, तोच रस. काम झटपट, वास नाही. "पण पाणी दिवसभर कोमट लागतं. कढत झालं की रस वाया."

"बाळाच्या आंघोळीवानी?"

"तसंच."

मामींनी मामांना चुलीपाशी बसवलं. "म्हशीला जेवू घातलंत न्हवं? आता तुमी बसा."

मामा दिवसभर पाण्यात कोपर घालून बघत होते. मला म्हणाले, "स्वतःच्या लेकरांना बी एवढं केलं न्हाई बे."

दुसऱ्या दिवशी काड पत्र्यावर टाकलं. उन्हात दुपारपर्यंत कडकडीत वाळलं. मामींनी ते कुटलं, मी कंगव्यानं विंचरलं. करंगळीएवढी वेणी निघाली.

परीक्षा झाल्यावर पत्रच लिहिलं. फोनवर मामी मला बोलू देत नाहीत.

"ती. मामींस शिरसाष्टांग नमस्कार.

मी पास झालो. परीक्षेच्या सरांनी धागा दोन्ही हातांनी ओढला, तुटला नाही. पाणी कसं सांभाळलं, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. सर हसले, मग वहीत लिहून घेतलं. मामांना सांगा.

धागा कॉलेजनं ठेवून घेतला. तुम्हाला हवा होता, पण मला नाही म्हणता आलं नाही. यंदा काड जाळू देऊ नका. सुगीला येतो, तुमच्यासाठी वेगळा काढू. तोवर म्हशीला लांब बांधा."