रविवारचं टेबल

सुकापूरजवळच्या आमच्या निवासी शाळेत मी गृहपती आहे. गृहपती म्हणजे मुलांचे मोजे, ताप आणि भांडणं सांभाळणारा माणूस. पण मी स्वतःला लोकशाहीचा शिल्पकार समजतो, त्याला इलाज नाही. दर शुक्रवारी चहानंतर मुलांची सभा भरते, ती माझीच कल्पना. गृहपतीनेही हात वर करूनच बोलायचं, हा नियमही माझाच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

माझी दुसरी कल्पना म्हणजे रविवारचं टेबल. रविवारी आईवडील भेटायला येतात, खारघर-कामोठ्यापासून पार रोह्यापर्यंतचे डबे येतात. ते सगळे एकाच लांब टेबलावर मांडायचे आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं, म्हणजे ज्यांच्याकडे कोणी येत नाही त्यांना एकटं वाटत नाही. प्रत्येक नव्या पालकाला मी हे सांगतो आणि सांगताना रुमाल काढून डोळे टिपतो. मेस सांभाळणाऱ्या बिल्कीसबाई तेवढ्यात मुद्दाम भांडी आपटतात.

मागच्या महिन्यात सभेत आठवीतला अदीब उभा राहिला. त्याचे अम्मी-अब्बा कुवेतला असतात. तो आता टेबलाबद्दल माझे आभार मानणार, म्हणून मी विनयाने मान खाली घालून तयार बसलो.

"सर, मला ते टेबल नको," तो म्हणाला. "सगळ्या आंटी माझ्याच ताटात वाढतात. 'बिचारा' म्हणतात. मी काय बिचारा नाहीये."

मी ताडकन उठलो. "अरे, पण त्यांचं प्रेम..."

"सर, हात," सभेची अध्यक्ष, दहावीतली कादंबरी म्हणाली.

मी हात वर केला. माझ्याआधी तिघांचे हात होते. तोवर अदीबने आपलं म्हणणं पुरं केलं. टेबल ठेवायचंच असेल तर ज्यांच्याकडे कोणी येत नाही, त्यांनी रविवारी एक पदार्थ करून त्यावर मांडायचा. "मग आम्हीपण दुसऱ्यांना वाढू."

माझी पाळी आली तेव्हा मी गॅस, सुरी, उकळतं पाणी आणि संस्थेची जबाबदारी यांवर बोललो. इतकं घाबरट भाषण कुठल्याही शिल्पकाराने केलं नसेल. बिल्कीसबाई म्हणाल्या, शेगडीजवळ मी उभी राहीन. मतदान झालं. विरोधात एकच हात वर होता आणि तो माझा होता.

रविवारी मी देखरेखीच्या नावाखाली स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. अदीबने अम्मीला फोनवर विचारून विचारून सांदणांचं पीठ आंबवलं होतं आणि इडलीच्या साच्यांत ते ओतणं चाललं होतं. मी दारातून सूचना द्यायला सुरुवात केली. अदीबने शांतपणे नारळाच्या वाट्या आणि विळी माझ्यापुढे आणून ठेवली.

"सर, तुम्ही खोवा."

"मी? मी लक्ष ठेवतोय."

"पण तुम्हीपण आमच्यातलेच ना, सर," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोडी अजिबात नव्हती. "तुमच्याकडे तरी रविवारी कोण येतं?"

खरंच होतं. माझी बायको सुमती जाऊन सहा वर्षं झाली. आमची मुलगी चारुता बंगळुरूला असते, तिला सवड झाली की फोन करते. दर रविवारी मी त्या टेबलाच्या टोकाला बसून जेवतो, आपण यजमान आहोत अशा थाटात. कोणाची तरी आई माझ्या ताटात आग्रहाने आणखी एक पोळी वाढते. मला तो माझ्या कार्याबद्दलचा आदर वाटायचा. माझ्यामागे त्या मला काय म्हणत असतील, ते आता कोणी सांगायची गरज नव्हती. मला फार लाज वाटली, आणि थोडं रडूही आलं. मी मुकाट्याने विळीवर बसलो.

सांदणं जरा दडस, घट्टच झाली. अदीब ती प्रत्येक आंटीच्या ताटात वाढत होता आणि कोणालाही नको म्हणू देत नव्हता. त्याच्यामागून मी नारळाचं दूध घेऊन फिरलो.

"छान झालंय," कामोठ्याच्या एक बाई म्हणाल्या. "कोणी केलं हे?"

अदीबने माझ्याकडे पाहिलं.

"आम्ही," मी म्हणालो. "ज्यांच्याकडे कोणी येत नाही ते."