बर्फापासून वीस वाक्यं लांब

मिरजोळ्याच्या एका मासळी कंपनीत नम्रताने सहा वर्षं बर्फात हात घालून कोळंबी सोलली. सातव्या वर्षी बोटांची पेरं फुटली, मूठ वळेना. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "आता बर्फ बंद. नाहीतर हात कामातून जातील." तिचं अक्षर वळणदार, म्हणून कंपनीने तिला रजिस्टरच्या टेबलावर बसवलं. मालाचं वजन, तारीख, कुठला लॉट घेतला, कुठला परत पाठवला, सगळं ती मराठीत लिही. दोन वर्षांत हातांना जरा ऊब आली. भाकरी थापताना डोळ्यांत पाणी यायचं थांबलं.

यंदा परदेशातलं नवं गिऱ्हाईक आलं आणि रजिस्टर इंग्रजीत झालं. कुणीतरी 'अ‍ॅक्सेप्ट', म्हणजे 'घेतला', लिहायच्या जागी तसल्याच आवाजाचा 'एक्सेप्ट', म्हणजे 'सोडून', लिहिला आणि अख्खा लॉट अडकला. सुपरवायझर हर्षद सरांनी सांगून टाकलं, शनिवारी परीक्षा. सारख्या आवाजाचे शब्द, वीस वाक्यं. पंधरा बरोबर आली तर टेबल, नाहीतर लाइनवर. लाइन म्हणजे बर्फ.

नववीतली लेक शमिका शिकवायला बसली.

"आई, वेट म्हणजे वजन. आणि वेट म्हणजे थांब."

"दोन्ही वेटच?"

"बोलताना वेटच. लिहिताना वेगळं."

"मग बोलतात तसं लिहायला काय धाड भरते मेल्यांना?"

शमिका खो खो हसली. नम्रताला हसू आलं नाही. शाळेत करायची तसं तिने शब्द देवनागरीत उतरवून पाठ केले होते. डावीकडे वीक, उजवीकडे वीक. डावीकडे होल, उजवीकडे होल. स्वतःचंच सुरेख अक्षर, आणि त्यातून काही कळेना.

मग तिने प्रत्येक शब्दाला कामातलं वाक्य जोडलं आणि खाली इंग्रजी अक्षरं गिरवली. खोक्याला भोक आहे. अख्खं खोकं परत पाठवा. या आठवड्यात माल कमी. माझे हात अशक्त. चुलीवर पेज ढवळताना, विहिरीवर, बसमध्ये, तिचे ओठ हलतच असत.

तरी जीव थाऱ्यावर येईना. गुरुवारी ती ग्रामदेवीच्या देवळात कौल घ्यायला गेली. भिकाजी गुरवाने विचारलं, "काय मागणं घालू?"

"पास होईन का, ते विचारा."

"निकाल नाही गो विचारायचा आईला. काय करू, ते विचार."

"मग परीक्षेला बसू का, विचारा."

त्यांनी पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही अंगांना लावल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर हो. बराच वेळ काही हललं नाही. नम्रता हात जोडून उभी. मग डावी पाकळी सुटली.

"नको म्हणतेय," गुरव हळू म्हणाले.

लग्न, घराची जागा, नवऱ्याचं मुंबईला जाणं, आजवर कौलाबाहेर तिने पाऊल टाकलं नव्हतं. ती पायऱ्यांवर बसली. न बसावं तर बर्फ ठरलेला. "आई, माझे हात बघितलेस ना गो तू?" एवढंच ती म्हणाली आणि उठली. शनिवारी ती परीक्षेला बसली.

पेपर हातात आला, तिने वरपासून खालपर्यंत वाचला. मासळी नाही, खोकं नाही, वजन नाही. राजा किती वर्षं राज्य करत होता. घोड्याचा लगाम कुणी धरला. डोंगरावर पाऊस पडला. तिन्ही जागी रेनच, आणि तिला त्यातला पावसाचा तेवढा ठाऊक. तिने भोकाचं होल लिहिलं, अख्ख्याचं होल लिहिलं, आठवड्याचं वीक लिहिलं. बाकी देवीचं नाव घेऊन लिहिलं.

हर्षद सरांनी तिथंच तपासलं. बारा.

"सर, आपल्या कंपनीत घोडा कुठं आहे?"

"पेपर मुंबईच्या ऑफिसातून आलाय ताई. मी काय करू?"

"माझ्या रजिस्टरातली वाक्यं विचारा. आत्ता. एक चुकलं तर बोला."

सरांनी मान खाली घातली. "पुढच्या महिन्यात परत आहे. तोवर लाइनवर. हातमोजे दोन जोड घाला."

सोमवारी ती लाइनवर उभी राहिली. शेजारी काशी, जुनी सोबतीण. मोज्यांतून गारठा हाडापर्यंत पोचला. दुपारपर्यंत बोटांना कोळंबी जाणवेना, नुसती डोळ्यांनी बघून सोलायची. रडू कोंडून ती पुटपुटू लागली, "राजाचं रेन. घोड्याचं रेन. पावसाचं रेन."

"काय गो, मंत्र म्हणतेस?" काशी म्हणाली.

"परत बसायचंय."

"आणि कौलात आई नको म्हणाली ती?"

"तिला रोज हात दाखवीन. पण बसणार."

काशीने नम्रताच्या ट्रेमधली मूठभर कोळंबी गुपचूप आपल्या ट्रेमध्ये ओढली. "हात वर काढ जरा. नि मोठ्याने म्हण. चुकलीस तर मला कळणार नाही, पण म्हण."