डुकराची चाकं

बळवंत सुतार नोकरीपायी दिल्लीत आला आणि लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात अर्धा म्हातारा झाला. पण बिथरला की अजून माण तालुक्यातलंच बोलायचा. बाप बैलगाड्यांची चाकं करायचा. बैलाशिवाय चालणारी गाडी घरात आणणारा बळवंत पहिला. जुनी फियाट, बसकी, गोलमटोल, पुढं नाकाड काढलेली. आपल्याकडं तिला डुक्कर फियाट म्हणतात. दिल्लीवाल्यांना ते ठाऊक नव्हतं, म्हणून घरातल्या घरात ती नुसती ‘डुक्कर’.

आता गाझियाबादला फ्लॅट घेतला होता. तिथं गाडी लावायला जागा एकच. हापिसाहापिसांतून कर्जाचे एजंट नव्या गाड्यांचे रंगीत कागद वाटत फिरत होते आणि त्यातली एक लाल गाडी बळवंतच्या बायकोच्या, कुमुदच्या, मनात भरली होती.

“हे बघा,” ती म्हणाली, “संक्रांतीला आपण पानिपतला काला अंबच्या मराठा स्मारकाला जाणार. डुकरानं तिथं नेऊन धड परत आणलं, तर ती येईल गाझियाबादला. वाटेत रुसली तर थेट मायापुरी, भंगारात.”

बळवंतनं मान डोलावली. इंजिनाची त्याला काळजी नव्हती. टायर मात्र उन्हात पडलेल्या चपलेसारखे तडकले होते.

कॉलेजात जाणारा अनुराग बापाला करोल बागेत घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, “अंकलजी, चौड़ा लगवाओ. सड़क पकड़ के चलेगी.” सोबत त्यानं चकचकीत चाकंही दाखवली.

“बाबा, बिल्कुल मस्त दिसेल यार!”

“बापाला यार म्हणतोस?” असं म्हणत म्हणतच बळवंत भुलला.

रिकामी डुक्कर त्या रुंद टायरांवर लोण्यासारखी घरी आली. कॉलनीतली पोरं शिट्ट्या मारायला लागली. जुनी लोखंडी चाकं मागच्या दारात टाकून, “कबाड्याला दे गं,” असं कुमुदला सांगून बळवंत मोकळा झाला.

संक्रांतीआधीच्या रविवारी तीळगूळ आणायला सगळे आयएनएच्या बाजारात निघाले. वरच्या मजल्यावरच्या भानुमतीवहिनी आणि त्यांचे विनायकराव पानिपतलाही बरोबर यायचे होते, तेही बसले. भानुमतीवहिनी अंगानं भरघोस. त्या मागं टेकल्या तशी डुकरानं बूड टेकलं. कॉलनीच्या फाटकातला गतिरोधक आला आणि मागनं आवाज निघाला, खर्रर्र! वळणावर पुन्हा खर्रर्र! जळक्या रबराचा वास सुटला.

“माझ्यामुळं का हो, भाऊजी?”

“न्हाई वैनी, तुमच्यामुळं कशाला,” बळवंत म्हणाला, पण बोलण्यात जीव नव्हता. उतरून वाकून बघितलं तर टायर मडगार्डाला घासून त्याची कड सोलून निघालेली.

कुमुदनं एवढंच विचारलं, “मायापुरीला कुठनं वळायचं हो?”

घरी येऊन बळवंत पायरीवर बसला. बाप नवं चाक रिकाम्या गाडीवर कधीच पारखत नसे. आळीतली माणसं गाडीवर चढवायचा, मग चाक आणि फळी यांच्यामधनं हात फिरवायचा, आणि मगच गाडी दारातनं हलू द्यायचा. आपण त्याच्याच पोटचे, आणि रिकामी गाडी नेऊन पोराच्या डोळ्यांनी टायर घेतले!

“बळ्या, गाढवा,” तो स्वतःलाच म्हणाला. मग मोठ्यानं, “जुनी चाकं तरी पायजे हुती. त्यांच्यावर बारीक टायर चढला असता. कबाड्यानं नेली असतील आता.”

“कबाड्या कशाला नेतोय?” कुमुद आतनं म्हणाली. “गॅलरीत बघा.”

गॅलरीत चारी चाकं मांडलेली. एकावर तुळस, एकावर मोगरा, एकावर कढीपत्ता, एकावर मिरची.

“डुक्कर भंगारात घालणारी तू, आन् चाकं ठेवलीस?”

“कुंड्यांखाली पाणी तुंबत नाही,” कुमुद म्हणाली, आणि तिनंच तुळस उचलून बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी बळवंत वर गेला. “वैनी, कश्मीरी गेटला चला. टायर घ्यायचेत.”

“मी येऊन काय करू?”

“बसायचं.”

विनायकरावांना खोकला येईपर्यंत हसू आलं. भानुमतीवहिनी फणकारल्या, “बायकांना लोक साडी घ्यायला नेतात. आमच्या नशिबी टायर!” पण आल्या.

पाच माणसं भरलेली गाडी दुकानापुढं थांबली. सरदारजी दुकानदार म्हणाला, “बारात लाए हो?”

“वजन लाया हूँ,” बळवंत म्हणाला.

पहिला टायर कुंड्यांखालच्या चाकावर चढवून पुढं बसवला. कुणाला उतरू न देता बळवंतनं अनुरागला स्टिअरिंग पूर्ण फिरवायला लावलं आणि फटीत हात घातला. बोटं अडकली. दुसरा टायर आणखी बारीक निघाला. डावीकडं, उजवीकडं, मागं, पुढं, चार बोटं सरळ आत गेली.

“कसली साधी दिसतेय,” अनुराग पुटपुटला.

“डुकराला काय पैंजण घालायचेत?” बळवंत म्हणाला. चकचकीत चाकं करोल बागेच्या दुकानदारानं तोंड वाकडं करून परत घेतली.

संक्रांतीला धुक्यातच निघाले. पानिपतच्या वाटेवर खड्डा आला की पाची जण गप्प व्हायचे आणि कान मागं लावायचे. डुक्कर आपली उडत, आदळत, बिनतक्रार चालली. काला अंबला माथं टेकवलं, आलेल्या गर्दीत तीळगूळ वाटला. परतताना मुरथलला पराठे हाणले, तसा बळवंतला नवा घोर लागला. पण आवाज नाही.

शेवटी तोच फाटकातला गतिरोधक आला. बळवंतनं दात आवळले. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. नुसतं बूड हललं.

कुमुद खिडकीबाहेर बघत म्हणाली, “गाझियाबादला धूळ फार म्हणतात. हिला झाकायला जाड कापड शिवून घ्यावं लागेल.”

बळवंतनं सकाळपासून धरून ठेवलेला श्वास सोडला, तो काचेवर धुकं धरेपर्यंत.

“आणि भाऊजी,” मागनं भानुमतीवहिनी म्हणाल्या, “परत टायर घ्यायचे झाले तर आदल्या दिवशी सांगा. जेवून येईन.”