झाड खालून बघायचं

कुंडी दोन्ही हातांनी उचलायची, डोक्याच्या वर धरायची आणि एक डोळा मिटून तिच्या बुडाचं भोक निरखायचं, हे मावशीचं रोज सकाळचं पहिलं काम. पानं कशी आहेत, शेंडा फुटलाय का, ते सगळं नंतर. मी हसले की म्हणायची, "झाड खालून बगायचा, बाय. वरून काय, सगलीच हिरवी."

भोकातून मुळाचं पांढरं टोक दिसलं की रोप मोठ्या कुंडीत हलवायचं, एवढाच त्यातला अर्थ. आमच्या पुस्तकात तो अर्ध्या ओळीत आहे, आणि मी बॉटनीत फर्स्ट क्लास मिळवलेली. पण बागेचे साहेब पाहुण्यांना घेऊन आले की थेट तिच्याकडे न्यायचे. ती कुंडी वर धरायची आणि चांगल्या बुटातल्या, चष्म्यातल्या माणसांना एक डोळा मिटायला लावायची. तुम्ही असता तर तुम्हीही मिटला असता. तिच्या बोलण्यात तसं काहीतरी होतं.

सरळच सांगते, मला तिचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, पोटात दुखेपर्यंत.

आमची बाग आगरदांड्याच्या वर, टेकडीच्या उतारावर. शोभेची फुलं बघायला कोणी आलं तर हिरमुसून परत जाईल. किनाऱ्यावरची, कमी होत चाललेली आपली झाडं बियांपासून वाढवायची आणि ज्या गावचं बी त्याच गावात रोप परत लावायचं, हे बागेचं काम. त्यासाठी दर वर्षी इंटर्न घेतात. आमच्या वर्षी जाहिरातीत 'बारावी पास, स्थानिक' एवढंच होतं. वयाची अट घालायला कोणीतरी विसरलं, आणि आम्हा पाच कॉलेजच्या पोरांत ही पन्नाशी ओलांडलेली कोळीण येऊन बसली. पोरीला सोबत म्हणून तिच्याबरोबर बारावीला बसली होती म्हणे. पोरगी नापास झाली, ही पास.

पहिल्या दिवशी साहेबांनी प्रत्येकाला विचारलं, झाडं का वाचवायची? मी जैवविविधतेवर पाच मिनिटं बोलले. रात्रभर पाठ केलं होतं. मग तिची पाळी आली. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात डबा. म्हणाली, "आमच्या होडीला लावायला उंडीचा तेल मिलत न्हाय आता. झाडच न्हाय, तर तेल कुटून?" आणि खाली बसली. साहेबांनी खिशातून वही काढली आणि तिचं वाक्य लिहून घेतलं. माझ्या पाच मिनिटांतला एक शब्दही त्यांनी लिहिला नव्हता. तिथून सुरुवात.

उंडी तुम्ही पाहिली असेल. समुद्राच्या अगदी काठाला, जाड चकचकीत पानांचं झाड, आणि सुपारीपेक्षा मोठी गोल फळं. आतल्या बीचं कवच महाकठीण. मी बिया मोजून, तास लावून पाण्यात भिजवल्या, वाफ्याला थर्मामीटर लावला. महिना झाला तरी चौतीसातल्या दोनच उगवल्या. ती मात्र वटवाघळं ज्या झाडावर उलटी टांगलेली असतात त्याच्या खालून बिया वेचून आणायची. "त्यानं दात लावला म्हंजे फल पिकला. तो काय कच्च्याला तोंड लावत न्हाय," असं म्हणत प्रत्येक बीला पाट्यावर एकच टोला द्यायची. कवचाला तडा, आतल्या गराला धक्का नाही. तीन आठवड्यांत तिचा वाफा भरून गेला. साहेबांनी माझा वाफा मागे सरकवला, कारण पुढे जागा हवी होती. जागा कोणाला हवी होती ते सांगायला नको.

बरं, बाई दुष्ट असती तर निदान मनसोक्त भांडता तरी आलं असतं. कुदळीनं माझ्या तळहाताला फोड आले, तर दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाशी उरलेलं उंडीचं तेल घेऊन आली आणि स्वतः चोळलं. घरातलं शेवटचं असावं. डब्यातला तळलेला बोंबील आधी माझ्या पानात पडायचा. मी तो खायचेही, आणि खाता खाता तिच्यावर जळायचेही. मेला बोंबीलही तिला माझ्यापेक्षा चांगला जमायचा.

भांडण झालंच तर ते लेबलांवरून. बागेचा नियम असा की प्रत्येक ओळीला पट्टी हवी: झाड कुठलं, बी कुठल्या गावचं, कोणी पेरलं. गावाचं नाव हरवलं की रोप बेवारस. मग ते लावायला परत कुठेच पाठवत नाहीत, कारण कुठल्या मातीचं ते कोणी सांगू शकत नाही. माझी एकदा तारीख राहिली तर साहेबांनी सगळ्यांसमोर झाडलं होतं. आणि ही? ही पट्टीच लावायची नाही. ओळीच्या तोंडाशी मातीत शिंपली खोचायची. हरिहरेश्वरच्या बियांना तिथल्या खडकावरचं खडबडीत कालव, दिघीला खाडीतल्या तिसरीचं शिंपलं, किहीमला तिथल्या वाळूतली गुलाबी शिंपली.

"मावशी, लिहिता येतं ना तुम्हाला? मग पट्टी लावा की!" मी एकदा तडकलेच.

"लिवता येतं गो. पन शाई एका पावसात जाते. शिंपली जाते व्हय कुटं?"

साहेब म्हणाले, "असू दे. ही मावशींची पद्धत." मला झाडलं, तिची पद्धत! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यानंतर मी तिच्या कामाकडे बघायचंच नाही असं ठरवलं. उंडीची रोपं कुंड्यांत भरायची होती. बागेत प्लास्टिकच्या पिशव्या चालत नाहीत, कुंभाराकडच्या लहान मातीच्या कुंड्या घेतो. बुडाच्या भोकावर फुटक्या कौलाची खापरी ठेवायची, म्हणजे पाणी जातं आणि माती राहते. त्या दिवशी मी तिच्याकडे पाठ करून बसले. तिनं हाक मारली, "ये गो इकडं, बग मी काय करते."

"मला येतं, मावशी," मी म्हटलं. मान वळवली नाही.

वर्ष संपत आलं तेव्हा साहेबांनी सांगितलं की आमच्यातल्या एकाला रोपवाटिकेत कायम ठेवणार, आणि निवड करायला समितीची माणसं येणार. बाकीचे चौघे मुंबईला जायला निघालेच होते. उरलो मी आणि ती. मला ती जागा हवी होती. घरी वडिलांना मी ती मिळाल्यासारखंच सांगून बसले होते. तिलाही हवी होती. लपवाछपवी नाही, एका दुपारी गुडघे चोळत म्हणाली, "ही जागा गावली ना, तर मना बाजारात फतकल मारून बसायला नको. दिवसभर बसून गुडघे गेलं माजं. हितं उटबस तरी हाय." मी "हो का" म्हटलं.

त्याच आठवड्यात बातमी आली की किहीमची, जिथून ती बिया आणायची ती वाडी विकली गेली आणि विहिरीकाठची जुनी उंडी तोडली, तिथे कॉटेज होणार. म्हणजे त्या झाडाची पोरं आता फक्त आमच्या बागेत, गुलाबी शिंपलीच्या ओळीत. ती त्या ओळीशी जाऊन नुसती उभी राहिली. साहेब म्हणाले, समितीला पहिली ही ओळ दाखवू. म्हणजे निकाल लागलाच म्हणायचा.

समिती यायची त्या सकाळी भरतीमुळे दिघीची फेरीबोट खोळंबली. ती रोज त्याच बोटीनं यायची. साहेब घाईत सांगून गेले, सगळं साफसूफ करून ठेव. मी घमेलं घेतलं. पालापाचोळा उचलला, तुटक्या काड्या उचलल्या. मग शिंपल्याही उचलल्या. सगळ्या. ओळी झाडून सरळ केल्या, तेव्हा कुंड्याही इकडच्या तिकडे झाल्या. झाल्या म्हणजे मी केल्या. घमेलं वाटेवरच्या खड्ड्यात ओतलं आणि वर पाय दिला. कचराच तर होता, नियमात शिंपली कुठे बसते, असं मी मनाशी म्हणत होते. इतकं शहाणपण मला एरवी सुचत नाही.

ती आली तेव्हा समितीची माणसं ओळीपाशीच उभी होती. एका बाईंनी विचारलं, "यातली किहीमची कुठली?"

तिनं ओळींकडे बघितलं. मग वाटेकडे, जिथे शिंपल्यांचा चुरा चमकत होता. मग माझ्याकडे. मी रजिस्टर छातीशी धरून उभी. त्यात तिन्ही गावांची नावं होती, पण कुठली कुंडी कुठल्या गावची हे शिंपल्यांशिवाय कोणालाच सांगता येणार नव्हतं. साहेबांचा चेहरा पडला.

"मी पट्टी लावली न्हाय," ती म्हणाली. "चूक माजी हाय."

जागा मला मिळाली. माझ्या पट्ट्या फार नीटनेटक्या होत्या, असं समितीनं लिहिलं.

जायच्या दिवशी ती डबा काखेत धरून माझ्यापाशी आली. आजूबाजूला कोणी नव्हतं. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि खरं सांगते, दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण म्हणाली, "त्या उंडीच्या कुंड्या एकदा खालून बग गो." आणि धक्क्याकडे उतरली. मला ते टोमण्यासारखं लागलं. जाता जाताही मलाच शिकवते! नाहीच बघत, म्हटलं. बेवारस कुंड्या मी जाळीच्या मागच्या कोपऱ्यात लावून दिल्या. तिथे पाइपनं पाणी जायचं, हात कोणाचा लागायचा नाही.

सव्वा वर्ष गेलं. ती नव्हती तरी हेवा काही गेला नाही. नवे इंटर्न आले की विचारायचे, कुंडी उचलून बघणाऱ्या मावशी कुठे आहेत? तिची गोष्ट त्यांच्यापर्यंत कोणी पोचवली देव जाणे. माझ्याबद्दल कोणीच काही ऐकून आलेलं नसायचं.

या वर्षी कोपरा रिकामा करायला सांगितला. उंड्या गुडघ्याएवढ्या झाल्या होत्या. एक कुंडी ओढली तर हलेना. मूळ भोकातून खाली वाळूत शिरलेलं. हिसका दिला, कुंडी आडवी झाली आणि बूड माझ्यासमोर आलं. भोकात, मुळाच्या बाजूला, काहीतरी गुलाबी होतं.

मी कुंडी फोडली. मुळांनी चहूबाजूंनी धरून ठेवलेली किहीमची शिंपली. दुसरी फोडली, त्यात कालव. पुढच्या कुंडीत खाडीतल्या तिसरीचं शिंपलं. खापरीच्या जागी तिनं प्रत्येक रोपाखाली त्याचं गाव ठेवलं होतं. "ये गो, बग मी काय करते" म्हणाली होती ते हेच. समितीसमोर तिनं एक कुंडी जरी उचलली असती, तर जागा तिची होती.

बाकीच्याही एकेक आडव्या करून बुडं बघितली. मग उठून साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं, घमेल्यासकट. ते म्हणाले, "त्यांना जाऊन सांग. येत असतील तर जागा त्यांची." मी हो म्हटलं. लाज वाटते सांगायला, पण किहीमचं एक रोप कुंडीसकट घेऊन बोटीत बसले तेव्हा मनात एकच होतं, ती नाही म्हणू दे.

दिघीच्या बाजारात ती दिसली. सगळ्या बायका खाली फतकल मारून बसलेल्या, ही एकटी उंच स्टुलावर, उजवा पाय सरळ समोर टाकलेला. मी रोप पुढे केलं. तिनं ते घेतलं, डोक्याच्या वर धरलं, एक डोळा मिटला.

"बगलंस व्हय?" म्हणाली. "लय दिस लागलं."

मी साहेबांचा निरोप सांगितला. तिनं पायावरून हात फिरवला. "तवा आली असती गो, उड्या मारत आली असती. आता गुडगा वलत न्हाय. वाफ्यापाशी बसनार कशी?"

तिनं नाही म्हणावं एवढंच मी मागितलं होतं. मिळालं.

"मावशी, त्या दिवशी समितीसमोर का नाही सांगितलंत?"

"चार मान्सांत तुजा तोंड उतरला असता. म्हनून तर तुला एकटीला सांगितला." ती पुढच्या गिऱ्हाइकासाठी बांगडे पुढे ओढत होती. "तू बगलाच न्हाईस."

रोप तिनं टोपलीशेजारी ठेवून घेतलं. म्हणाली, किहीमला मीच पाठवीन.

परत आले आणि आधी लेबलाच्या पट्ट्या घेऊन बसले. किहीमच्या सगळ्या रोपांवर, 'कोणी पेरलं' या रकान्यात तिचं नाव लिहिलं. शाई एका पावसात जाईल, ठाऊक आहे. मग माझ्या स्वतःच्या ओळीत गेले आणि एकेक कुंडी उचलून, डोक्यावर धरून, डोळा मिटून बघत गेले. सगळ्यांच्या बुडाला खापरीच होती.