ताईला न आठवलेला फोन

माझी मोठी बहीण डॉक्टर आहे. लहानपणी तिच्याइतकं गाढ झोपणारं माणूस आमच्या घरात दुसरं नव्हतं. आई आधी हाका मारायची, मग पांघरूण ओढायची, मग उशी काढून घ्यायची आणि शेवटी बाबांना बोलवायची. एकदा शेजारच्या घराला आग लागली, अख्खी गल्ली बादल्या घेऊन धावली, आणि सकाळी ताईने डोळे चोळत विचारलं, "जळका वास कसला येतोय गं?" ही मुलगी मोठी होऊन आठवड्यातल्या दोन रात्री हॉस्पिटलात काढणार, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बाबा पोट धरून हसले असते.

आम्ही दोघी एकत्र राहतो. मी शाळेत गणित शिकवते. रात्रीच्या ड्यूटीबद्दल तिला नेमकं काय वाटतं, हे मी तिला कितीदा तरी विचारलं, पण सरळ उत्तर कधी मिळालं नाही. ड्यूटीच्या दिवशी दुपारी चारपासून तिचा चेहरा पडलेला असतो. मोजे, दातांचा ब्रश, दोन पेनं असं पिशवीत भरताना ती माझ्यावर उगाच खेकसते. आणि सकाळी कधी कधी अशी खुशीत परत येते, की चपलाही न काढता दारातच सगळं सांगायला लागते. एकदा म्हणाली, "तुला खरं सांगू? रात्री फोन वाजला ना, की मला आधी त्या पेशंटचाच राग येतो. बिचाऱ्याला श्वास लागलेला असतो आणि माझ्या मनात येतं, याला आत्ताच लागायचा होता? मग त्याच्याजवळ जाऊन हात धरला की राग कुठे जातो कोण जाणे. यातली खरी मी कुठली, तेच कळत नाही."

गेल्या वर्षी एका सकाळी मात्र ती चपला काढून सरळ आत आली. चहा गार होईपर्यंत कपाकडे बघत बसली. झालं होतं ते असं.

सकाळच्या राऊंडला तिचे सर, म्हणजे वॉर्डाचे मोठे डॉक्टर, एका खाटेपाशी थांबले. खाटेवर एक म्हातारे शिंपी होते. तीन दिवसांपूर्वी पोटाचं ऑपरेशन झालेलं. सर केसपेपर वाचत म्हणाले, "शाब्बास! रात्री वेळेवर सलाईन बंद केलंस आणि लघवीचं इंजेक्शन दिलंस म्हणून आजोबा आज बसलेत. फुप्फुसात पाणी भरत होतं. अजून तासभर गेला असता तर अवघड होतं."

सगळे ताईकडे कौतुकाने बघायला लागले. ताई केसपेपरकडे बघत राहिली. तिथे नर्सच्या अक्षरात लिहिलं होतं: दोन चाळीस, पेशंटला धाप, डॉक्टरांना फोन, सलाईन बंद, पाठ उंच करून बसवलं, ऑक्सिजन, चाळीस मिलिग्रॅमचं इंजेक्शन. खाली ताईचं नाव.

ताईला यातलं काहीही आठवत नव्हतं.

आधी तिला वाटलं, चुकून दुसऱ्या डॉक्टरांच्या जागी आपलं नाव पडलं. तिने मोबाइल काढून पाहिला. दोन एक्केचाळीस, वॉर्डाचा नंबर, बोलणं दोन मिनिटं अकरा सेकंद. शिंप्याची बायको पुढे आली आणि तिने ताईचे दोन्ही हात हातात घेतले. "बाई, तुम्ही होतात म्हणून..." ताई म्हणाली, "नाही हो, मी काही..." शिंप्याच्या बायकोला वाटलं, केवढा हा विनय!

राऊंड संपल्यावर ताईने रात्रपाळीच्या सिस्टरांना गाठलं. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्या घरी निघाल्या होत्या, पर्स खांद्याला होती.

"सिस्टर, रात्री मी फोनवर काय बोलले?"

"लिहिलंय की सगळं."

"लिहिलंय ते वाचलं. मी बोलले काय?"

सिस्टरांनी पर्स पुन्हा टेबलावर ठेवली. "आधी तुम्ही विचारलंत, लघवी किती झाली. मी सांगितलं. मग म्हणालात, सलाईन बंद करा, बसवा, ऑक्सिजन लावा. अगदी स्पष्ट. मग म्हणालात, खिडकी लावून घ्या."

"कुठली खिडकी?"

"तेच मी विचारलं. म्हटलं, मॅडम, त्या खाटेजवळ खिडकी नाही. तर तुम्ही म्हणालात, बरं, मग राहू दे."

ताईला हसू आलं, पण सिस्टर हसत नव्हत्या.

"अजून काही?"

"इंजेक्शन तुम्ही चारशे सांगितलंत."

ताईने खुर्ची ओढून घेतली.

"मी विचारलं, चारशे? चारशे म्हणजे वीस ॲम्प्यूल. कपाटात एवढ्या नाहीतच. चाळीस ना, मॅडम? तुम्ही म्हणालात, हो हो, चाळीसच. मग मी दिलं."

"तुम्ही हे लिहिलं नाहीत."

"काय लिहू? डॉक्टर झोपेत होत्या म्हणून?" सिस्टरांनी पर्स उचलली. "चाळीस सांगितलंत, चाळीस दिलं. आजोबा बरे आहेत. घरी जा आणि झोपा आता."

घरी आल्यावर ताईने मला हे तीनदा सांगितलं. प्रत्येक वेळी तिचा प्रश्न वेगळा असायचा. "सलाईन बंद करायला मीच सांगितलं ना? मग ती मीच. पण चारशेसुद्धा मीच सांगितलं. म्हणजे झोपेत मी हुशार आहे की धोकादायक?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"एका वेळी दोन्ही कसं असेल?"

गणितात याचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "तू आदल्या पहाटेपासून जागी होतीस."

"सगळेच असतात गं."

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या खोलीत गेली आणि चारशेसकट सगळं सांगून टाकलं. सर रागावतील, अशी तिने मनाची तयारी केली होती. सर खळखळून हसले. म्हणाले, "अगं, मी एकदा झोपेत फोनवर एका पेशंटला घरी सोडलं होतं. सकाळी त्याची खाट रिकामी बघून मीच आरडाओरडा केला. होतं असं. पेशंट वाचला ना? मग विषय संपला."

तिचा विषय संपला नाही. सर रागावले असते तर बरं झालं असतं, असं ती मला म्हणाली. निदान हे वाईट आहे की नाही, तेवढं तरी कळलं असतं.

ती पुन्हा शिंप्याच्या खाटेपाशी गेली. त्यांच्या बायकोला म्हणाली, "आजी, खरं काम रात्रीच्या सिस्टरांनी केलंय. त्यांचे आभार माना." आजी म्हणाल्या, "मानले की. त्या म्हणाल्या, मॅडमचे माना." आजोबा उशीला टेकून हे ऐकत होते. ते म्हणाले, "तुम्ही दोघी एकमेकींवर ढकलताय, म्हणजे वाचवलं कुणी मला?" त्यांनी गमतीने विचारलं होतं. नाडी बघण्याच्या निमित्ताने तिने मान खाली घातली.

त्यानंतर तिने ठरवलं, की फोनवर काही सांगायचंच नाही. फोन वाजला की उठायचं, डॉक्टरांच्या खालच्या खोलीतून दोन जिने चढून वॉर्डात जायचं आणि पेशंट डोळ्यांनी बघायचा. पहिल्या रात्री ती सात वेळा वर गेली. सातव्या वेळी, पहाटे, तिला तापाच्या साध्या गोळीसाठी बोलावलं होतं. ती त्या सिस्टरांवरच ओरडली, "एवढ्याशासाठी?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मी फोनवरच विचारत होते. तुम्हीच म्हणालात, येते." ताई जिन्यातच बसून रडली. तिला आपली चीड आली होती, सिस्टरांची की त्या तापाची, हे तिला आजही सांगता येत नाही.

शेवटी वाट त्या सिस्टरांनीच काढली. फोन आला की ताईने आधी दिवा लावायचा आणि पाय जमिनीवर टेकवायचे. मग सिस्टर विचारणार, "मॅडम, मी कुणाबद्दल बोलतेय?" पेशंटचं नाव आणि आजार ताईने सांगितला तरच पुढचं बोलणं. औषधाचा आकडा सिस्टर परत म्हणून दाखवणार. ताईला उत्तर आलं नाही तर वर येणं भाग. दुसऱ्या डॉक्टरांना हे कळल्यावर ते चिडले. "नर्सेस आता आमची तोंडी परीक्षा घेणार का?" सरही म्हणाले, "तुझ्यापुरतं ठेव." म्हणून ते ताईच्या वॉर्डापुरतंच राहिलं. दोघा शिकाऊ डॉक्टरांनी मात्र गुपचूप सिस्टरांना सांगितलं, आम्हालाही विचारत जा.

शिंपी आजोबा अकराव्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेले.

मध्यंतरी सरांनी ताईला विचारलं होतं, रात्रीची ड्यूटी बंद करून दिवसाच्या तपासणीत घेऊ का? मला वाटलं, ही उडी मारेल. तिने आठवडाभर विचार केला आणि नको म्हणाली. मी कारण विचारलं. तिने हातातल्या कपड्याची घडी घातली. मग म्हणाली, "रात्री ती माणसं वर झोपलेली असतात आणि मी खाली असते. ते मला आवडतं. आणि मला त्याची भीतीही वाटते. कुठल्या कारणाने नको म्हटलं, ते माझं मलाच समजलं नाही."

परवा सकाळी ती ड्यूटीवरून आली. मी विचारलं, "कशी गेली रात्र?"

"चार फोन आले," ती चप्पल काढत म्हणाली. "चारही आठवतायत." आणि सोफ्यावर बसल्या बसल्या तिचे डोळे मिटले. शाळेची वेळ झाली होती. मी तिच्या अंगावर चादर टाकली आणि दार हळूच ओढून घेतलं.