राईट म्हणजे काय, सांग

"ये इकडे. राईट म्हणजे काय, सांग पाहुण्यांना."

हातात ग्लास घेतलेली माणसं माझ्याकडं बघत होती. मी साहेबांचा ड्रायव्हर. साहेब वाळूजच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. बंगला शहरात.

झालं होतं असं. एकदा साहेब मागं बसून फोनवर इंग्रजीत बोलत होते. चौक आला आणि मागून जोरात आवाज आला, "राईट! राईट!" मी गाडी उजवीकडं घेतली. ते फोनवरच्या माणसाला म्हणत होते, बरोबर. एवढीच माझी चूक. भर चौकात त्यांनी मला शिव्या घातल्या. मी गिळल्या.

पुढं त्यांनी त्याचा खेळच केला. घरी पार्टी असली की मला गेटवरून आत बोलवायचं. मी पोपटासारखं बोलायचं, "राईट म्हणजे उजवा. राईट म्हणजे बरोबर." लोक हसायचे. नोकरी पायजे होती. मीबी हसायचो. घरी बायकोनं विचारलं की म्हणायचो, "काय नाय."

त्या संध्याकाळी साहेब तेवढ्यावर थांबले नाय.

"तिसरा अर्थ राहिला," ते म्हणाले. "राईट म्हणजे हक्क. हा या जयभीमवाल्यांना शिकवावा लागत नाही. आईच्या पोटातूनच शिकून येतात!"

लई हसले लोक. एक बाई तर हसून हसून डोळे पुसत होती.

साहेबांना चेव आला. "आता लेफ्ट?"

"डावा."

"आणि?"

दुसरा अर्थ मला ठाऊक नव्हता. त्यांनी खरकट्या ताटांकडं बोट केलं. "लेफ्ट म्हणजे उरलेलं. शांताबाई, हे बांधून द्या याला. शिकला म्हणून बक्षीस."

माझी आई. अजिंठ्याकडं लोकांच्या रानात कापूस वेचून तिनं आम्हाला वाढवलं. उपाशी झोपवलं, पण कुणाचं उष्टं घरात येऊ दिलं नाय. तिचं पोट या माणसाच्या तोंडात. दारूच्या वासात. आणि समोर मी, हसायला तयार.

स्वयंपाकाच्या शांतामावशी जागच्या हलल्या नाय.

"नाय घेत," मी म्हणालो. गाडीची किल्ली टेबलावर टाकली.

"अरे, गंमत केली. एवढं काय मनाला लावून घेतोस?"

"गंमत ना? मग हेच पोलिसांपुढं सांगा."

कुणीच हसलं नाय.

ठाण्यात मला लई बसवून ठेवलं. उद्या ये, परवा ये. मी जात राहिलो. शेवटी अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवून घेतला. पाहुण्यांतल्या एकालाही काय आठवत नव्हतं. शांतामावशी म्हणाल्या, "मी होते तिथं. मी सांगते. काम गेलं तर गेलं." काम गेलंच.

आता मी शहागंजात रिक्षा चालवतो. परवा तिथं साहेबांचा माणूस आला. "साहेब माफी मागायला तयार आहेत. त्यांची बढती अडकलीय. मन मोठं कर."

"मन मोठं आम्हीच करायचं का दरवेळी?" मी विचारलं. तो गेला.

मला माफी नको. साहेबांचे शब्द भर कोर्टात मोठ्यानं वाचले जायला पायजेत. आईच्या पोटाचे, खरकट्याचे, सगळे. त्यांनी पिंजऱ्यात उभं राहून, खाली मान घालून ते ऐकायचेत. त्यांच्या बायकापोरांनी ऐकायचेत. बढती गेली तर जाऊ दे. झोप उडाली तर उडू दे. किती वर्षं लागायची ती लागू देत.

मी एकबी तारीख चुकवणार नाय.