गोरक्षचं दीड मिनिटाचं पिच्चर

आमच्या थेटरात गोरक्ष ऑपरेटर होता आणि मी बुकिंग क्लार्क. म्हणजे तिकिटं मी फाडायचो आणि शिव्या तो खायचा. रीळ तुटलं की तीनशे माणसं मागे वळून त्याच्या केबिनकडे बघत त्याच्या घराण्याचा उद्धार करायची. हा आतून शांतपणे "जोडतोय" म्हणायचा, ते कोणालाच ऐकू जायचं नाही. त्र्याहत्तर सालापासून त्याने हेच केलं. एवढ्या वर्षांत एकही सिनेमा त्याने सलग पाहिला नव्हता, कारण नेमकी हिरॉईन रडायला लागली की रीळ बदलायची वेळ व्हायची.

अंबडच्या पलीकडे ओढ्याकाठी त्याची वीस गुंठे जमीन होती. ती बघायची त्याची बायको लंकाबाई. मेथी, शेपू, कोथिंबीर. रविवारी टोपली घेऊन ती सिडकोत बसायची आणि टोपली रिकामी झाल्याशिवाय उठायची नाही. आमच्या घरी मेथी तिचीच यायची.

ऐंशीनंतर ओढ्याच्या वरच्या अंगाला एक कारखाना आला आणि ओढा रंगीत झाला. कधी हिरवट, कधी जांभळा. लंकाबाईची विहीर होती, पण तिचं पाणी तीन वाफ्यांना पुरायचं आणि वाफे होते अकरा. बाकीच्या आठांना ती ओढ्याचंच पाणी द्यायची. त्या पाण्यात उभं राहून तिच्या बोटांच्या बेचक्या सोलवटल्या होत्या. "मातीची खाज हाय," असं ती म्हणायची.

गोरक्ष दोन वर्षं तिला विनवत होता की ते पाणी सोड. ती म्हणायची, "तुम्ही कधी एक वाफा भिजवला का? बसा आपले अंधारात." खरंच त्याने एकही भिजवला नव्हता. मला मात्र एकदा म्हणाला, "तिच्या हाताकडं बघवत नाय, भाऊसाहेब. आन् लोकं तीच भाजी खात्यात." मी त्या लोकांपैकीच होतो. पण मेथी चवीला चांगली होती, म्हणून मी विषय बदलला.

लंकाबाईचा नवऱ्यावर विश्वास नसला तरी पडद्यावर पुरता होता. सुनेला छळणाऱ्या एका खलनायकाच्या पोस्टरवर तिने भर रस्त्यात शेणाचा गोळा मारला होता. पडद्यावर दिसेल ते खरं, हा तिचा कायदा. गोरक्षच्या डोक्यात तेव्हापासून काहीतरी शिजत असावं.

शहरातली काही दाढीवाली मंडळी रविवारी सकाळी थेटर भाड्याने घेऊन परदेशी सिनेमे बघायची. एकदा त्यांनी असा सिनेमा लावला की पडद्यावर नुसत्या रेघा आणि ठिपके नाचत होते. मंडळी माना डोलावत होती. मला वाटलं, मशीन बिघडलं. गोरक्ष जिना उतरून धावत आला. "भाऊसाहेब, याला कॅमेराच लागलेला नाय. पट्टीवरच रंगवलंय. हे तर मला जमंल."

सेकंदाला चोवीस चित्रं. दीड मिनिटाची दोन हजार एकशे साठ. प्रत्येक चित्र पोस्टाच्या तिकिटापेक्षा लहान. मध्यंतरात पडद्यावर दाखवायच्या जाहिरातींच्या काचा रंगवायचे रंग, एक बारीक ब्रश, नाहीतर काडेपेटीतली काडी. जुन्या जाहिरातींच्या रिळांवरची चित्रं आधी सोड्याने घासून काढावी लागत. पहिल्या महिन्यात तो घासतच होता. मग एकदम कोऱ्या करकरीत पट्ट्या आणायला लागला. युक्ती विचारली तर म्हणाला, "धंद्यातलं गुपित."

चार महिने गेले. दीड मिनिटांपैकी पाच सेकंद त्याने सेन्सॉरच्या सर्टिफिकेटवर घालवले, तेही स्वतःच रंगवलेलं. सर्टिफिकेटाशिवाय सिनेमा सुरू होतो, हे त्याच्या बुद्धीत बसेना. आणि बरोबर मध्यावर 'मध्यंतर' टाकलं. पाच सेकंदांसाठी एकशेवीस वेळा 'मध्यंतर' लिहिलं, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखं. मी म्हटलं, दीड मिनिटात मध्यंतर कशाला? तर म्हणाला, "मानसं काय सलग बसत्यात व्हय?"

एका सोमवारी सकाळी आठ वाजता पहिला खेळ झाला. प्रेक्षक तीन. मी, झाडू हातात घेतलेला डोअरकीपर सावळीराम आणि लंकाबाई. ती माझ्यासाठी मेथीची जुडी घेऊन आली होती. ती मांडीवर ठेवून मी बसलो.

पडद्यावर हिरव्या काड्या हलल्या. वरून जांभळे ठिपके गळायला लागले. मध्यंतर झालं. मग ठिपके वाढले, काड्या वाकल्या, सगळं काळं झालं आणि दिवे लागले.

"रांगोळी चांगली व्हती," सावळीराम म्हणाला.

गोरक्ष खाली आला. लंकाबाई त्याचं मन राखत म्हणाली, "रंग लय भारी. पर त्या हिरव्या काड्या कसल्या?"

"मेथी."

"मेथी अशी असती व्हय?"

त्याचा चेहरा उतरला. चार महिन्यांची मेहनत वाया गेली, हे त्याला कळलं आणि मलाही फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "ते गुपित तरी सांग. पट्ट्या कोऱ्या कशाने केल्यास?"

तो जरा खुलला. "काय नाय वो. आपल्या वढ्याचं पानी. बादलीत पट्टी बुडवून ठिवली, का दुसऱ्या दिवशी नुसती हलवायची. सगळं सुटून येतं. सोड्यानं चार चार दिवस निघत नव्हतं."

बोलता बोलता तो थांबला. पट्ट्या बुडवताना इतके दिवस त्याला त्या पाण्यात फक्त सोय दिसली होती.

"बादली कुठं भरली?" लंकाबाईने विचारलं.

"तुझ्याच पाटावर."

तिने दोन्ही हात उजेडात धरले आणि उलटेपालटे करून बघितले. मग माझ्यापुढे हात केला. "भाऊ, ती जुडी द्या इकडं."

"असू द्या, धुऊन घेऊ," मी म्हटलं.

"द्या म्हनते ना."

सावळीरामने कचऱ्याची पाटी पुढे केली. "तिच्यात नको," ती म्हणाली, "एखादी गाय खाईल." जुडी पदरात बांधून ती निघाली आणि तिच्या मागोमाग गोरक्षही सायकल काढून गेला.

त्या दिवशी मॅटिनी पाऊण तास उशिरा सुरू झाली. ऑपरेटर शेतात होता, जन्मात पहिल्यांदा फावडं धरून ओढ्याचा पाट बुजवत होता. खाली तीनशे माणसं ओरडत होती आणि त्या दिवशीच्या शिव्या मी खाल्ल्या.